पूर्वीचा चेहरा परत मिळेल का?

वाचकाचं पत्र :

डॉक्टर, मी 28 वर्षांची आहे. पुण्यात राहते, चाकणच्या एका कोरियन कंपनीत दुभाषी म्हणून काम करते. माझा चेहरा पहिल्यापासून चौकोनी, जबडा थेट बाबांचा. कामासाठी काही महिने सोलला होते. तेव्हा साठवलेले पैसे आणि वर थोडं पर्सनल लोन काढून गंगनममधल्या एका क्लिनिकमध्ये तिन्ही गोष्टी एकदम करून घेतल्या : गालाची हाडं आत घेणं, जबड्याचे कोन कापणं आणि हनुवटी अरुंद करणं. घरी आधी सांगितलं नव्हतं. आता पाच महिने झालेत. डाव्या बाजूला खालचा ओठ बधिर आहे, चहा ओघळला तरी कळत नाही. गाल खाली उतरल्यासारखे दिसतात. जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर एका जागी खाच लागते. जांभई दिली की उजव्या गालात कट् असं होतं. क्लिनिक म्हणतं, सूज आहे, थांबा. दुसऱ्या एका क्लिनिकने फोटो बघून व्हिडिओ कॉलवर सांगितलं की सहा महिने झाले की दुरुस्ती करून देऊ, आणि या महिन्यात आगाऊ रक्कम भरली तर सवलत. मी दिवसभर फोनच्या कॅमेऱ्यात स्वतःला बघत असते. आई रोज म्हणते, चांगलं रूप होतं, कुठून बुद्धी झाली. स्थळांना ती अजून माझा जुनाच फोटो पाठवते. मला पूर्वीचा चेहरा हवा आहे. मिळेल का? पैसे भरू का? तक्रार कुठे करायची?
– सई (नाव बदललं आहे), पुणे

सई,

आगाऊ रक्कम भरू नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आज ठरव. नुसते फोटो बघून हाडाच्या दुरुस्तीची तारीख देणाऱ्याला तुझ्या जबड्यात आता किती हाड उरलंय, नस कुठून जाते, स्क्रू कुठे आहेत, यातलं काहीच माहीत नाही. त्याला माहीत आहे ते एवढंच की तू घाबरलेली आहेस. महिनाअखेरची सवलत मिक्सरवर असते, जबड्यावर नसते.

तू चार तक्रारी लिहिल्या आहेस आणि तुझ्या क्लिनिकने चारींना मिळून एकच उत्तर दिलं : थांबा. ते निम्मं बरोबर आहे. गालांसाठी आणि त्या खाचेसाठी थांबायलाच हवं. बधिर ओठ आणि गालातला कट् आवाज या दोन गोष्टी मात्र थांबण्यातल्या नाहीत. त्या याच आठवड्यात कुणाला तरी दाखव.

ओठाचं आधी सांगते. खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतून एक नळी जाते आणि त्या नळीतून ओठाची, हनुवटीची, खालच्या दातांची संवेदना नेणारी नस जाते. लहान दाढांच्या मुळांपाशी ती एका छिद्रातून बाहेर येते. जबड्याची कड कापताना करवत चालते ती या नसेच्या अगदी जवळून. नस नुसती ताणली गेली किंवा दबली असेल तर बधिरपणा आठवड्यांत, महिन्यांत ओसरत जातो. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढते, त्यामुळे वर्ष-दीड वर्षापर्यंत थोडी थोडी सुधारणा होत राहते, हे क्लिनिकचं म्हणणं खरं आहे. पण नस तुटलेलीच असेल तर? मग ती सूक्ष्मदर्शकाखाली जोडायचा विचार पहिल्या काही महिन्यांतच करावा लागतो. वर्ष उलटलं की त्याचा फायदा कमी कमी होत जातो. तुझे पाच महिने होऊन गेलेत, म्हणून घाई.

घरच्या घरी एक पाहा. डोळे मिटून बस आणि बहिणीला किंवा मैत्रिणीला कापसाच्या टोकाने ओठावर, हनुवटीवर हलकेच फिरवायला सांग. कुठे कळतं, कुठे नाही, त्याची हद्द आयब्रो पेन्सिलने आख आणि फोटो काढून ठेव. दर महिन्याला तेच कर. हद्द आत आत येत असेल, मुंग्या येत असतील, मधूनच टोचल्यासारखं होत असेल, तर नस जिवंत आहे, धीर धर. पाच महिने होऊनही अजून काहीच कळत नसेल, ओठ परक्यासारखा वाटत असेल, तर तोंड-जबड्याच्या शल्यचिकित्सकाला भेटून रीतसर तपासणी करून घे. बी-12च्या गोळ्या सगळेच लिहून देतात. सांगितल्या असतील तर घे, पण त्यांच्या भरवशावर महिने घालवू नकोस. आणि चहा थोडा निवू दे, बधिर ओठ भाजतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

आता तो कट्. गालाचं हाड आत घेताना ते पुढून, नाकाच्या बाजूने, कापतात आणि मागे कानाजवळ त्याची कमान तोडतात. मग आत सरकवून टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूंनी बसवतात. अडचण अशी की चावण्याचा सगळ्यात दांडगा स्नायू याच हाडाच्या खालच्या कडेला धरलेला असतो. प्रत्येक घासाला तो हाड खाली ओढतो. पट्ट्या पुरेशा घट्ट नसतील, किंवा पहिल्या दोन महिन्यांत भाकरी, चिक्की असलं काही चावलं गेलं असेल, तर तुकडा जुळत नाही आणि हलत राहतो. आवाज कानापुढच्या सांध्यातूनही येऊ शकतो, म्हणून हाडच हललंय असं मी इथून म्हणणार नाही. चेहऱ्याचा बारीक कापांचा सीटी स्कॅन काढला की निकाल लागतो. हाड जुळलेलं नसेल तर ते पुन्हा वर उचलून नीट बसवावं लागतं, क्वचित मध्ये हाडाचा तुकडा भरावा लागतो. तुझे गाल उतरलेत त्याचं अर्धंअधिक कारण इथेच सापडण्याची शक्यता आहे. म्हणून सीटी होण्याआधी कुणी गाल ओढून घ्यायचा, किंवा कातडीखाली धागे घालून तो वर ओढायचा सल्ला दिला तर ऐकू नकोस. धागे तसेही फार टिकत नाहीत.

तुझी स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात मावतात का तेही बघ. मावत नसतील तर तोंड उघडण्याचे व्यायाम लागतील. ताप, पू, तोंडात घाण चव, एकाच बाजूची सूज वाढत जाणं, दात आधीसारखे न मिटणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, सोलच्या उत्तराची वाट बघू नकोस.

थांबायच्या दोन गोष्टी आता. हाड बारीक केलं तरी त्यावरची कातडी, चरबी, स्नायू तेवढेच राहतात. उशी लहान केली आणि अभ्रा तोच ठेवला, तसं. शिवाय हाडापर्यंत पोचायला हा सगळा मऊ भाग हाडावरून सोलून उचलावा लागतो आणि तो परत चिकटायला, आक्रसायला वेळ घेतो. मोठी सूज दीड-दोन महिन्यांत जाते. आतला राठपणा मात्र वर्षभर उतरत असतो. तू 28ची आहेस, तुझी कातडी बरीचशी आवरून घेईल. पन्नाशीच्या बाईला मी हे इतक्या खात्रीने सांगितलं नसतं. जबड्यावरची खाच म्हणजे हनुवटीचा सरकवलेला तुकडा आणि बाजूचं हाड यांच्यामधली पायरी. हाड पहिलं वर्षभर स्वतःला घडवत असतं, टोकं बोथट होतात. तरीही राहिली तर ती तोंडाच्या आतून घासून काढणं हे दुरुस्त्यांमधलं लहान काम आहे.

मग मुख्य प्रश्न, पूर्वीचा चेहरा. नाही, सई. तो जसाच्या तसा मिळणार नाही. जबड्याच्या कोनांचं हाड कापून बाहेर काढलंय आणि ते पुन्हा वाढत नाही. जे मिळू शकतं ते वेगळं आहे आणि काही वेळा पुरेसंही असतं.

कोन फार कापला गेला असेल, कानाखालून हनुवटीकडे जबडा थेट उतरणीसारखा दिसत असेल, तर तिथे कृत्रिम भाग बसवता येतो. सीटीवरून तुझ्या मापाचा तो भाग संगणकावर घडवतात आणि पीक नावाच्या कठीण प्लास्टिकचा, टायटॅनियमचा किंवा सच्छिद्र पॉलिइथिलीनचा करून स्क्रूने बसवतात. इथे तुझ्या ऑपरेशनआधीच्या सीटीची किंमत सोन्यासारखी, कारण मूळ कोन कसा होता हे फक्त त्यातच आहे. धोकाही नीट ऐक. हे बसवतात तोंडातून, आणि तोंड कधी निर्जंतुक नसतं. जंतुसंसर्ग झाला तर तो भाग काढून टाकावा लागतो आणि मग तू आत्ता आहेस त्याच्याही मागे जातेस. सच्छिद्र पॉलिइथिलीनमध्ये आजूबाजूची ऊती शिरते, त्यामुळे ते काढणं आणखी जिकिरीचं.

हनुवटीची गोष्ट जरा बरी आहे. हनुवटीचं हाड आडवं कापून सरकवण्याची कल्पना 1942ची आणि तोंडाच्या आतून ते करण्याची पद्धत 1957ची. दात आणि जबड्याच्या व्यंगांसाठी जगभर पुष्कळ वेळा केलेलं काम. पुढे-मागे, वर-खाली परत सरकवता येतं. पण अरुंद करताना मधली फाक काढून टाकली असेल तर पुन्हा रुंद करायला तिथे हाड भरावं लागतं. तुझी हनुवटी खाली ओघळल्यासारखी दिसत असेल, ओठ मिटायला जोर लावावा लागत असेल, तर हाडाला हात न लावता हनुवटीचा स्नायू परत वर टाकून शिवता येतो. हे पुष्कळदा विसरलं जातं आणि लोक हाडावरच करवत चालवत राहतात.

हाडाला न शिवताही काही करता येतं. जबड्याच्या कोनाशी हायलुरोनिक आम्लाचं फिलर, म्हणजे इंजेक्शनने कातडीखाली भरायचं जेल, भरून बघता येतं. कोन परत आल्यावर तू कशी दिसशील हे काही महिने आरशात जगून बघायला ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, कारण नाही आवडलं तर इंजेक्शनने विरघळवता येतं. तेही त्वचारोगतज्ज्ञाकडून किंवा प्लास्टिक सर्जनकडूनच, पार्लरमध्ये मुळीच नाही. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते. स्वतःच्या पोटाची चरबी भरता येते. ती काही प्रमाणात शोषली जाते, आणि वजन वाढलं की तीही फुगते. पट्ट्या-स्क्रू टोचत नसतील तर काढायची गरज नसते. काढायच्याच असतील तर हाड पक्कं जुळल्यावर.

आकाराची कुठलीही दुरुस्ती वर्ष व्हायच्या आत नको. आणि ती करायची ठरलीच तर ‘पूर्वीसारखं करून द्या’ अशी मागणी घेऊन जाऊ नकोस. त्या वाक्याला कुठलाही सर्जन हो म्हणू शकतो, कारण त्यात मोजण्यासारखं काही नाही. ‘डाव्या कोनाला इतके मिलिमीटर भर’, ‘ही पायरी घालव’, ‘ओठ जोर न लावता मिटला पाहिजे’, असं एकेक माग. मोजता येईल ते माग. दुसऱ्या वेळी जखमेच्या जुन्या वणातून वाट काढावी लागते, नसेला पुन्हा धोका असतो. म्हणून जितकं कमी तितकं बरं.

हे इथे कोण करेल? आपल्याकडे व्ही-लाइनची, म्हणजे तुझ्यासारखी जबडा-हनुवटी निमुळती करायची ऑपरेशनं सोलइतकी होत नाहीत, हे उघड आहे. पण दुचाकीच्या अपघातांनी आपल्या जबड्याच्या डॉक्टरांना नको इतका सराव दिलाय. वाकडं जुळलेलं गालाचं हाड परत तोडून जागेवर आणणं हे पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत नवलाचं नाही. तंबाखू-गुटख्याच्या कर्करोगात जबडा काढलेल्यांना नवा जबडा उभारून देणारे सर्जनही इथे आहेत. तू शोधायचंस ते मुख व जबडा शल्यचिकित्सेत एमडीएस झालेले किंवा प्लास्टिक सर्जरीत एमसीएच झालेले, आणि त्यातही जुने, बिघडलेले फ्रॅक्चर दुरुस्त करणारे. ‘आधी दुसऱ्याने केलेलं तुम्ही किती वेळा दुरुस्त केलंत?’ हे तोंडावर विचार. एकमेकांना ओळखत नसलेल्या दोघांचं मत घे. दोघांपैकी एक जण ‘सध्या काही करू नका’ म्हणाला तर त्याला बिनकामाचा समजू नकोस.

त्याआधी सोलहून कागद मागव. तू दुभाषी आहेस, हे तुझ्याइतकं चांगलं कुणाला जमणार? तिथल्या कायद्यानुसार रुग्णाला स्वतःच्या नोंदींची प्रत मिळते. ऑपरेशनच्या नोंदी त्यांना 10 वर्षं आणि क्ष-किरण चित्रं 5 वर्षं जपावी लागतात. ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा सीटी डायकॉम फाइलमध्येच, म्हणजे स्कॅनच्या मूळ स्वरूपातच माग, मोबाइलवरचे स्क्रीनशॉट चालत नाहीत. ऑपरेशनची नोंद, भुलीची नोंद, संमतीपत्र, पट्ट्यांचा तपशील, सगळं लेखी माग. ऑपरेशन कुणी केलं ते नाव त्यात बघ. सोलमध्ये सल्ला एकाने द्यायचा आणि भुलीनंतर कापायला दुसराच उभा राहायचा, असे प्रकार घडलेत. 2016मध्ये जबड्याच्या अशाच ऑपरेशनमध्ये रक्तस्राव होऊन एक तरुण विद्यार्थी पुढे दगावला. त्याच्या आईने लढा दिला, आणि सप्टेंबर 2023पासून तिथे भूल दिलेल्या रुग्णाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये कॅमेरा सक्तीचा झाला. चित्रीकरण मात्र रुग्णाने मागितलं तरच होतं आणि निदान 30 दिवस ठेवायचं बंधन आहे. पाच महिन्यांनी ते सापडेल अशी आशा धरू नकोस.

तक्रारीसाठी कोरियात 2012पासून वैद्यकीय तंट्यांमध्ये मध्यस्थी करणारी सरकारी संस्था आहे. परदेशी रुग्णांनाही तिथे अर्ज करता येतो. नुकसान कळल्यापासून 3 वर्षांची मुदत असते, म्हणजे तुला धावपळ नाही. अडचण एवढीच की मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व नसेल तर क्लिनिकने होकार दिल्याशिवाय मध्यस्थी सुरूच होत नाही. तरीही अर्ज कर, कारण अर्ज आला की बरीच क्लिनिकं बोलायला लागतात. मोफत दुरुस्ती देऊ म्हणाले तर त्याबरोबर सहीला येणारा कागद शब्दन् शब्द वाच. ‘यापुढे कुठलीही मागणी करणार नाही’ हे वाक्य बहुतेक तिथेच असतं. आणि रागाच्या भरात क्लिनिकचं नाव घेऊन इंटरनेटवर लिहू नकोस. कोरियात खरं लिहिलं तरी बदनामीचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. सोलच्या क्लिनिकला पुण्याच्या ग्राहक आयोगात खेचण्यात हाती काही लागेल असं मला वाटत नाही.

फोनच्या कॅमेऱ्याबद्दल एक. हातभर अंतरावरून काढलेली सेल्फी चेहरा खोटा दाखवते. 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ 30 टक्के रुंद दिसतं, हे 2018मध्ये मोजून दाखवलंय. तुलाच तपासायचं असेल तर महिन्यातून एकदा, पाच फुटांवर फोन ठेवून, एकाच खिडकीच्या उजेडात. मधल्या दिवसांत नाही.

आणि हे उत्तर मला कळवायची गरज नाही, स्वतःशी दे. ऑपरेशनच्या आधीही तुझे तासन् तास जबड्यावर जात होते का? आत्ता तुला गालाचं दुःख आहे, ते सुटलं तर उद्या नाकाचं सुरू होईल असं वाटतं का? लोकांना दिसतही नाही अशा गोष्टीसाठी तू बाहेर जाणं टाळतेस का? उत्तर हो असेल तर याला देहरूपाचा ध्यास म्हणतात. हा ओळखीचा आजार आहे, त्यावर मानसोपचार आणि औषधं आहेत, पण ऑपरेशनने तो बहुधा बरा होत नाही. उत्तर नाही असेल तरी ऑपरेशननंतरचे हे महिने फार एकटे असतात, विशेषतः घरी न सांगता केलं असेल तर. आरशातल्या माणसाशी ओळख लागत नाही आणि रडायलाही परवानगी नाही, कारण ‘तूच केलंस ना’. टेली मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलतात. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर आजच लाव.

आईचं म्हणशील तर, तिला राग आहे तो विचारलं नाहीस याचा. रूपाचं नुसतं निमित्त. तो जबडा बाबांचा होता असं तूच लिहिलंयस, मग तिला तो रोज ताटावर समोर दिसायचा. एकदा ‘मला विचारायला हवं होतं’ एवढं म्हण आणि सीटीला तिला बरोबर ने. डॉक्टरांनी पडद्यावर हाड दाखवलं की रोजचं टोमण्यांचं बोलणं ‘आता पुढे काय’वर येतं, हे मी माझ्या खोलीत कितीदा बघितलंय.

तो जुना फोटो मात्र तिला थांबवायला सांग. मुलाकडचे दारात आले की तो फोटो तुलाच खोटं पाडणार. सहा-आठ महिने स्थळंच नकोत, ओठाचं आणि हाडाचं नक्की होईपर्यंत. नंतर नवा फोटो जाऊ दे. ऑपरेशन बायोडेटावर लिहायचं कारण नाही, मावशी-आत्यांना सांगायचंही नाही. ज्याच्याशी ठरतंय असं वाटेल त्याला मात्र होकाराआधी, दोघंच असताना, तुझ्या तोंडून कळू दे. कर्ज किती बाकी आहे तेही त्याच वेळी सांग.